भिजलेला आणि चिकटलेला तिकीटसंग्रह : काय आधी करावे, काय मुळीच करू नये

ऑगस्टच्या अखेरीस कपाट उघडावे, स्टॉकबुक (तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) बाहेर काढावे आणि पान उलटताना ‘चर्र’ असा बारीक आवाज यावा, हा अनुभव मुंबईतल्या आणि कोकणपट्टीतल्या बहुतेक टपाल तिकीट संग्राहकांना एकदा तरी आलेला असतो. तो आवाज डिंक सुटल्याचा नसतो, कागद फाटल्याचा असतो. दमट हवेने तिकिटाच्या पाठीचा डिंक ओलावतो, समोरच्या पानाला किंवा पारदर्शक पट्टीला धरतो, आणि हवा कोरडी झाली की तिथेच घट्ट होतो. इथपर्यंत झालेले नुकसान बरेचदा भरून येण्यासारखे असते. पुढचे नुकसान मात्र संग्राहक स्वतःच्या हाताने करतो : घाईने ओढून, उन्हात टाकून, इस्त्री फिरवून, नाही तर सगळी तिकिटे एकाच परातीत भिजत घालून.

माझ्या वडिलांच्या स्टॉकबुकात १९४८ च्या गांधी मालिकेतले दीड आण्याचे तपकिरी तिकीट होते, कोरे म्हणजे न वापरलेले, मूळ डिंकासह. ते पट्टीला चिकटलेले दिसताच मी चिमट्याने ते हलकेच ओढले. तिकीट निघाले, दर्शनी बाजू निर्दोष राहिली, पण पट्टीवर नखाएवढा पांढरा कागदाचा पदर उरला. ते तिकीट दिव्यासमोर धरले की त्या जागेतून आजही जास्त उजेड येतो. डबा, ओला बोळा आणि चार तासांचा वेळ एवढ्यावर ते वाचले असते. पुढील कृती ज्या क्रमाने लिहिली आहे, तो क्रम मोडू नये अशी विनंती आहे.

सुरुवातीला निदान

संग्रह तीनपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे पहिल्यांदा ठरवावे. पहिली अवस्था म्हणजे तिकिटे कोरडी आहेत, पण चिकटली आहेत. हिला घाई मुळीच नाही, आठवडाभर तशीच ठेवली तरी काही बिघडत नाही. दुसरी अवस्था म्हणजे पाने सादळली आहेत, हाताला गार लागतात, कुबट वास येतो, पण पाणी दिसत नाही. तिसरी अवस्था म्हणजे गळतीचे, फुटलेल्या नळाचे किंवा पुराचे पाणी प्रत्यक्ष आत शिरले आहे. ओल्या कागदावर साधारण दोन ते तीन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेत पहिल्या ४८ तासांचा हिशेब ठेवावा लागतो.

टप्पा १ : हात थांबवणे आणि सामान मांडणे

अल्बम किंवा स्टॉकबुक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत त्याचे मोबाइलवर फोटो काढावेत. कोणते तिकीट कोणत्या पानावर होते, हे नंतर आठवत नाही; शिवाय विम्याचा किंवा वाटणीचा प्रश्न निघाल्यास हेच फोटो उपयोगी पडतात. त्यानंतर पंखा बंद करावा, टेबल स्वच्छ पुसून कोरडे करावे आणि पुढील सामान हाताशी घ्यावे :

– तिकिटांसाठीचा चपट्या टोकाचा चिमटा. भुवयांचा टोकदार किंवा खाचा असलेला चिमटा चालणार नाही.
– भरपूर टीपकागद आणि छपाई नसलेले पांढरे कागद.
– केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा बेकिंग पेपर.
– ओल्या पानाखाली आधाराला सरकवण्यासाठी पॉलिस्टरचे पातळ पारदर्शक कागद. पूर्वी प्रोजेक्टरसाठी वापरत ते उत्तम.
– दोन उथळ ट्रे किंवा पराती आणि गाळलेले पाणी.
– घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, स्पंज आणि जाळी.
– कापूस लावलेल्या काड्या, मऊ रुंद ब्रश, मास्क, हातमोजे.

टीपकागद मिळत नाही म्हणून वर्तमानपत्र वापरू नये. ओल्या कागदावर त्याची शाई उतरते आणि ती निघत नाही. स्वयंपाकघरातला टिश्यू वरवरचे पाणी टिपायला ठीक आहे, पण त्यावर दाब दिला तर त्याची ठिपक्यांची नक्षी तिकिटावर उमटते.

इशारा : पुराचे किंवा गटाराचे पाणी शिरले असेल, तर हातमोज्यांशिवाय संग्रहाला हात लावू नये. लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) साथीत तिकिटांपेक्षा आपण महत्त्वाचे. भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर त्या खोलीतली वीज आधी बंद करावी.

टप्पा २ : पाण्यापासून दूर ठेवायचे काय, ते वेगळे करणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, कारण हा टप्पा बहुतेकजण करतच नाहीत. ‘तिकिटे पाण्यात टाकली की सुटतात’ हे शाळेत शिकलेले ज्ञान निम्मेच खरे आहे. पुढील गोष्टी पाण्यात कधीही घालू नयेत.

पहिला गट पाण्यात विरघळणाऱ्या किंवा पुसट होणाऱ्या रंगांचा. जम्मू-काश्मीर संस्थानच्या सुरुवातीच्या तिकिटांपैकी अनेक जलरंगांत छापलेली आहेत. ती पाण्यात घातली तर रंग पाण्यात आणि कोरा कागद हातात राहील. इतर संस्थानांची हातकागदावरची तिकिटेही संशयितच समजावीत. ब्रिटनची १८८३-८४ ची जांभळट आणि हिरवी मालिका जाणूनबुजून कच्च्या रंगांत छापली होती, जेणेकरून शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. तिच्यातला हिरवा रंग पाणी लागताच पिवळट पडतो. खडूचा थर असलेल्या कागदावरची वसाहतकालीन तिकिटेही याच गटात येतात.

दुसरा गट नव्या, वेगळ्या घडणीच्या तिकिटांचा. २००६ मध्ये निघालेले चंदनाच्या सुगंधाचे तिकीट आणि त्यानंतरची गुलाब व मोगऱ्याच्या सुगंधाची तिकिटे, २०११ मध्ये खादीच्या कापडावर छापलेले गांधीजींचे तिकीट, भरतकामाची किंवा सोनेरी वर्खाची परदेशी तिकिटे, आणि स्वतः चिकटणारी म्हणजे स्टिकरसारखी तिकिटे. अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या पाकिटांवर हल्ली बहुधा स्टिकरच असतात, आणि त्यांतल्या अनेकांचा गोंद पाण्याने सुटत नाही. ती भोवती बोटभर कागद ठेवून कापून घ्यावीत आणि तशीच संग्रहात लावावीत.

तिसरा गट पाकिटांचा. पूर्ण पाकीट, प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याचे पाकीट), पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र यांवरचे तिकीट कधीही सोडवू नये. शिक्का, पत्ता, मार्ग आणि तिकीट हे सगळे मिळून ती वस्तू होते. तिकीट सुटे केले की मागे उरतो तो केवळ कागद. टाकाच्या किंवा फाउंटन पेनच्या शाईने खोडलेली तिकिटेही बाजूला ठेवावीत.

चौथा गट सहज विसरला जातो : रंगीत कागद. राखीची लाल-गुलाबी पाकिटे, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांची भडक पाकिटे, खाकी सरकारी लिफाफे आणि जांभळ्या शाईचे शिक्के यांचा रंग पाण्यात सुटतो आणि त्या परातीतल्या सगळ्या तिकिटांना एकसारखा फिका गुलाबी मुलामा चढवतो. हे तुकडे भिजवायचेच असतील तर एका वेळी एक, वेगळ्या वाटीत आणि थंड पाण्यात भिजवावेत.

तपासणी : शंका असलेल्या तिकिटाच्या कोपऱ्यावर कापसाच्या काडीचे ओलसर टोक दोन सेकंद टेकवावे, घासू नये, आणि लगेच त्यावर टीपकागदाचा तुकडा दाबावा. टीपकागदावर पुसटसाही रंग उमटला, तर ते तिकीट ‘पाणी नाही’ गटात गेले. टीपकागद स्वच्छ राहिला तरी मौल्यवान तिकिटासाठी एवढ्या कसोटीवर विसंबू नये.

टप्पा ३ : ओला अल्बम उघडणे

हा टप्पा फक्त दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतल्या संग्रहासाठी आहे. कोरड्या पण चिकटलेल्या संग्रहाने थेट पाचव्या टप्प्यावर जावे.

भिजलेला अल्बम मिटलेलाच दोन्ही हातांनी आडवा उचलावा. तो उभा धरला की ओल्या पानांचे वजन शिवणीवर येते आणि तिकिटे पट्ट्यांतून खाली घसरतात. पाणी गढूळ असेल, तर अल्बम मिटलेला ठेवूनच स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये हलकेच बुडवून काढावा. मग तो तिरका ठेवून दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावा.

पाने शेवटून पहिल्याकडे किंवा पहिल्यापासून शेवटाकडे, कशीही उघडावीत, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक पानाखाली पॉलिस्टरचा कागद सरकवून त्याच्या आधाराने. ओला कागद स्वतःचे वजन पेलत नाही. काळ्या पानांच्या स्टॉकबुकाला प्राधान्य द्यावे, कारण पुठ्ठ्याचा काळा रंग सुटून तिकिटांच्या पांढऱ्या कडांत भिनतो. जे तिकीट चिमट्याच्या स्पर्शाने आपण होऊन सरकते तेवढेच उचलावे. जे सरकत नाही ते पानासकट बाजूला ठेवावे. दोन पाने एकमेकांना चिकटली असतील, तर तो जोड तसाच राहू द्यावा, तो सहाव्या टप्प्यात सुटेल.

संग्रह मोठा असेल आणि ४८ तासांत हे सगळे होणार नाही असे दिसले, तर उरलेली पाने बेकिंग पेपरमध्ये एकेक वेगळी करून, झिपच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. वेळ विकत घेण्याचा हा खात्रीचा उपाय आहे. बाहेर काढताना पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाही तर दमट हवेतले दव थेट तिकिटांवर धरते.

याच कारणाने चिकटलेली तिकिटे फ्रीझरमध्ये ठेवून कडक झालेल्या डिंकावर ती ‘टचकन’ सोडवण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती मी पावसाळ्यात करू नये असे म्हणेन. कोरड्या हवेच्या प्रदेशात ती साधत असेल. आपल्याकडे पिशवी उघडल्यावर अर्ध्या मिनिटात तिकीट घामेजते.

टप्पा ४ : गळालेली तिकिटे शोधणे

ही कृती केर काढण्यापूर्वीच करावी. पुष्कळ तिकिटे पाण्याने नव्हे, केरसुणीने जातात.

जमिनीवर पांढरी चादर अंथरून त्यावर अल्बमचा कणा आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजू तपासाव्यात. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरावी. उजेड तिरपा पडला की फरशीवरच्या तिकिटाची बारीक सावली दिसते, एरवी ते फरशीच्या ठिपक्यांत हरवते. दुसऱ्या तिकिटाच्या पाठीला चिकटलेले तिकीट, आपल्याच बाहीला किंवा कोपराला लागलेले तिकीट आणि रिकामी म्हणून बाजूला टाकलेली प्लास्टिकची माउंट (तिकीट ठेवायची पारदर्शक खोळ), या तीन जागा सर्वांत शेवटी आठवतात आणि हरवलेले तिकीट बहुधा तिथेच असते. तिकिटे धुतलेले पाणी मोरीत ओतताना मलमलच्या फडक्यातून किंवा चहाच्या गाळणीतून ओतावे. व्हॅक्यूम क्लीनर फिरवून झाला असेल, तर त्याची पिशवी चादरीवर उलटी करावी लागेल, त्याला इलाज नाही.

तपासणी : फोटोंवरून प्रत्येक पानावरची तिकिटांची संख्या मोजावी आणि हातात असलेल्या तिकिटांशी ताडून पाहावी. आकडा जुळल्याशिवाय खोली झाडू नये.

टप्पा ५ : वापरलेली तिकिटे पाण्यात सोडवणे

शिक्का मारलेल्या, रंगाच्या कसोटीत उतरलेल्या तिकिटांसाठी पाणी हाच सर्वांत सौम्य मार्ग आहे. उथळ ट्रेमध्ये खोलीच्या तापमानाचे पाणी घ्यावे. कोमट चालते, कढत चालत नाही, आणि साबण किंवा व्हिनेगर काहीच घालू नये. एका वेळी वीस-पंचवीसपेक्षा जास्त तिकिटे घेऊ नयेत, कारण गर्दीत ती एकमेकांना पुन्हा धरतात.

पंधरा ते तीस मिनिटांत बहुतेक तिकिटे आपण होऊन तरंगत सुटतात. जे सुटत नाही त्याला आणखी वेळ द्यावा. कागद ओढायची वेळ आलीच, तर तिकीट कागदावरून ओढू नये. तिकीट ट्रेच्या तळाशी पालथे ठेवून त्याच्या पाठीवरून कागद सोलावा. वाकेल ते कागदच वाकले पाहिजे, तिकीट सपाट राहिले पाहिजे. हा फरक किरकोळ वाटतो, पण तिकिटाच्या दर्शनी भागावर ज्या आडव्या मोडी दिसतात त्यांतल्या बहुतेक उलट पद्धतीने ओढल्यामुळे पडलेल्या असतात.

सुटलेले तिकीट दुसऱ्या ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यात पाच मिनिटे ठेवावे आणि पाठीवरून बोटाचे टोक हलकेच फिरवावे. बुळबुळीत लागले तर डिंक उरला आहे, आणि उरलेला डिंक म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हाच उद्योग पुन्हा. ओले तिकीट चिमट्याने कोपऱ्याला धरून उचलू नये. ओला कोपरा सहज तुटतो. त्याच्याखाली पॉलिस्टरचा कागद सरकवून ते पाण्यातून वर घ्यावे.

टप्पा ६ : कोरी तिकिटे दमट डब्यात सोडवणे

कोऱ्या तिकिटाची निम्म्याहून अधिक प्रतिष्ठा त्याच्या पाठीच्या मूळ डिंकात असते, आणि पाण्यात घातले की तो डिंक जातो. म्हणून इथे पाणी नव्हे, वाफही नव्हे, केवळ दमटपणा वापरायचा. किटलीच्या तोंडावर तिकीट धरण्याचा प्रकार जुन्या पिढीत सर्रास चालत असे. त्याने डिंक वितळून कडेने बाहेर येतो, कागद पिळवटतो आणि बोटही भाजते.

१. डब्याच्या तळाशी स्पंज ठेवून तो भिजवावा आणि जास्तीचे पाणी पिळून काढावे. डबा हलवला तरी पाणी वाहता कामा नये.

२. स्पंजवर उलट्या वाट्या ठेवून त्यांवर प्लास्टिकची किंवा स्टीलची जाळी मांडावी. जाळी आणि स्पंज यांत किमान दोन बोटे अंतर असावे.

३. चिकटलेली तिकिटे, किंवा तिकीट चिकटलेल्या पट्टीचा वा पानाचा कापलेला तुकडा, जाळीवर ठेवावा. ज्या बाजूला डिंक आहे ती शक्यतो वर यावी, म्हणजे मऊ झालेला डिंक जाळीला धरणार नाही. पान कापताना हात आखडू नये. स्टॉकबुक पुन्हा मिळते.

४. झाकणाच्या आतल्या बाजूला टीपकागद चिकटवावा. झाकणावर धरलेला थेंब तिकिटावर पडला, तर त्याच जागी डिंकाला कायमचा डाग पडतो. ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात.

५. झाकण लावून डबा सावलीत ठेवावा. पहिली पाहणी दोन तासांनी आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाने करावी. पाहणी म्हणजे चिमट्याचे चपटे टोक एका कोपऱ्याखाली कागदाच्या जाडीइतके सरकवून पाहणे. सरकले तर तसेच पुढे न्यावे. अडले तर हात मागे घेऊन झाकण लावावे.

गोंदाच्या जातीप्रमाणे वेळ बदलतो. जुन्या तिकिटांवरचा बाभळीच्या जातीचा डिंक तीन-चार तासांत मऊ होतो. नव्या तिकिटांवरचा कृत्रिम गोंद जास्त वेळ घेतो आणि कधी दादच देत नाही. चार तासांवर सहा झाले, सहावर आठ झाले, तरी बळ वापरू नये. दिवसभरात सुटले नाही तर तिकिटे बाहेर काढून वाळवावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात ठेवावीत. सलग रात्रंदिवस डब्यात राहिली तर बुरशी धरेल.

काही जोड डब्यातही सुटत नाहीत. तेव्हा निर्णय घ्यावा लागतो : तिकिटे कायमची जोडलेली ठेवायची, की पाण्यात घालून डिंकाचा बळी द्यायचा. सामान्य तिकिटांच्या बाबतीत मी पाण्याची बाजू घेतो, कारण डिंकाविना असलेले अखंड तिकीट हे फाटलेल्या डिंकवाल्या तिकिटापेक्षा बरे. मात्र त्याची नोंद ‘कोरे, डिंकाविना’ अशीच करावी. बाजारात मिळणारा गोंद पुन्हा लावून ते मूळ डिंकाचे म्हणून दाखवणे ही सरळ फसवणूक आहे, आणि जाणकाराला ती परफोरेशनच्या (तिकिटाच्या कडेच्या छिद्रांच्या) दात्यांवर चढलेल्या गोंदावरून ओळखू येते.

टप्पा ७ : वाळवणे आणि दाबणे

वापरलेली, डिंक धुऊन गेलेली तिकिटे टीपकागदावर पालथी ठेवावीत. वरचे पाणी दहा-पंधरा मिनिटांत टिपले गेले की ती कोरड्या टीपकागदांच्या दोन थरांत घ्यावीत, पाठीच्या बाजूला बेकिंग पेपर द्यावा, आणि वर काच व जाड पुस्तके ठेवावीत. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदलावा.

डब्यातून निघालेल्या कोऱ्या तिकिटांना हा नियम लावू नये. त्यांचा डिंक अजून ओला असतो, आणि लगेच दाब दिला तर ती ज्याला टेकतील त्याला धरतील. ती बेकिंग पेपरवर डिंकाची बाजू वर करून, उघडी, शांत हवेत ठेवावीत. वाळताना ती नळीसारखी गुंडाळू लागतील. त्याने घाबरून बोटांनी सरळ करायला जाऊ नये, कारण कोरडा डिंक वाकवला की त्याला तडे जातात आणि ते कागदातही उतरतात. डिंक पूर्ण सुकल्यावर गुंडाळलेली तिकिटे दहा-पंधरा मिनिटे दमट डब्यात ठेवून मऊ करावीत, आणि मग बेकिंग पेपरच्या दोन घड्यांत हलक्या वजनाखाली ठेवावीत.

इशारा : इस्त्री, हेअर ड्रायर, ओव्हन, गॅसजवळची जागा, गच्चीवरचे ऊन आणि पंख्याचा थेट झोत यांतले काहीही वापरू नये. उन्हाने रंग उडतो, उष्णतेने कागद आक्रसतो, आणि पंख्याने तिकिटे पुन्हा चौथ्या टप्प्यावर जातात. वातानुकूलित खोली ‘ड्राय’वर ठेवता आली, तर तेवढी मदत पुरे.

तपासणी : वाळलेला वाटणारा कागद हाताच्या मागच्या बाजूला टेकवून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे. ही परीक्षा डोळ्यांपेक्षा खरी ठरते.

टप्पा ८ : बुरशी

पांढरी किंवा राखाडी केसाळ बुरशी जिवंत असते, आणि ओली असताना ती पुसली तर कागदाच्या तंतूंत आणखी खोल जाते. म्हणून आधी वाळवणे, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकणे, आणि तो ब्रश पुन्हा संग्रहाला न लावणे, हा क्रम पाळावा. तांबूस ठिपके उरतात ते डाग असतात. ते घालवण्यासाठी घरातले ब्लीच वापरणारे लोक मी पाहिले आहेत. डाग जातो, त्याबरोबर शिक्का जातो आणि काही वर्षांत कागदही ठिसूळ होतो. डाग राहू द्यावा.

केशरी किंवा लालसर जुनी तिकिटे काळपट तपकिरी झाली असतील, तर तो बहुधा हवेतल्या गंधकाचा परिणाम असतो, बुरशीचा नव्हे. त्याला बुरशीचे उपचार करू नयेत.

टप्पा ९ : फाटलेले तिकीट आणि सुटलेला दाता

चिकटपट्टी लावू नये. पारदर्शक असो, ‘कधीच पिवळी पडत नाही’ असे लिहिलेली असो, लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तेलकट पिवळा डाग देतो, आणि तो पुढून दिसतो. आधीच लावलेली जुनी पट्टी ओढून काढण्याचा प्रयत्नही करू नये. ती तिकिटाची पाठ घेऊन येईल.

फाटलेले तिकीट आणि त्याचा तुटलेला तुकडा, मग तो मोहरीएवढा दाता का असेना, एकाच पॉलिस्टरच्या पाकिटात एकत्र ठेवावेत. मोडलेला कोपरा चिमट्याने पूर्वीसारखा उलटून सपाट करावा. उरलेले दाते सारखे दिसावेत म्हणून कडा कापणे म्हणजे अपघातात बोट दुखावले म्हणून हात तोडण्यासारखे आहे. तिकीट खरोखर दुर्मीळ असेल तर ते कागद-संवर्धकाकडे न्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे, तिथून योग्य व्यक्तीकडे जाण्याची वाट विचारता येते.

टप्पा १० : संग्रह परत लावणे

वाळलेली तिकिटे लगेच जुन्या पानांत घालू नयेत. किमान आठवडाभर ती कोऱ्या कागदांच्या घड्यांत राहू द्यावीत आणि मधूनमधून पाहावीत. भिजलेले स्टॉकबुक वाळल्यावर चांगले दिसले तरी टाकून द्यावे, कारण पुठ्ठ्याच्या पोटात ओल आणि बुरशीची बीजे राहतात. नवे घेताना मऊ, वासाचे पीव्हीसी प्लास्टिक टाळावे, त्यातला तेलकट अंश तिकिटाच्या शाईला ओढतो. चिकट पानांचे फोटो अल्बम तर तिकिटांसाठी नाहीतच.

स्टॉकबुके पुस्तकांसारखी उभी आणि सैल ठेवावीत. एकावर एक आडवी रचली की खालच्या वहीवर वजन येते, आणि वजन व दमटपणा एकत्र आले की चिकटणे ठरलेले. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण त्या कायम काम करत नाहीत; रंग बदलणाऱ्या पुड्या घेऊन रंग बदलला की तापवून पुन्हा वापराव्यात. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र कपाटात ठेवून काटा पन्नाशीच्या आसपास राखावा, पासष्टच्या वर गेला की कपाट उघडून पाने पालटावीत. डांबरगोळ्या ठेवू नयेत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. कसर आणि झुरळे डिंकासाठीच येतात; कपाट स्वच्छ ठेवणे आणि त्यात खाऊचा डबा न ठेवणे याचा उपयोग अधिक होतो.

शेवटी नोंदवही. प्रत्येक दुखावलेल्या तिकिटासमोर तारीख, काय झाले आणि काय केले, हे एका ओळीत लिहावे : ‘पट्टीला चिकटले, डब्यात पाच तास, डिंक अंशतः विस्कटला’. उरलेल्या संग्रहाचे, नुकसान न झालेल्या पानांचेसुद्धा, ६०० डीपीआयवर पुढून-मागून स्कॅन करून ते घराबाहेरच्या एखाद्या जागी जपून ठेवावेत. आणि वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या वर्षीच्या दोन तारखा लिहून ठेवाव्यात, एक जूनच्या पहिल्या आठवड्यातली आणि एक गणपतीच्या आधीची, त्या दिवशी प्रत्येक पान एकदा उलटायचे.